खड्ड्यातली जागा

आमच्या घरी हातमाग आहे असं सांगितलं की शहरातली माणसं एकदम हळवी होतात. अजून चालू आहे? असं विचारतात आणि मग मागाच्या आवाजाबद्दल काहीबाही गोड बोलायला लागतात. मी ऐकून घेते. त्या आवाजाने माझं डोकं उठायचं, आणि माग चालवणाऱ्या माणसाच्या आवाजाने त्याहून जास्त. तो माणूस म्हणजे माझा सासरा. सासऱ्याबद्दल अरेतुरेत लिहू नये हे मला कळतं. तोंडावर मी त्याला आबा आणि तुम्ही असंच म्हणत आले आहे. पण हा कागद माझा आहे, इथे तो एकेरीतच राहील.

आमचं गाव लोणखेड्याच्या पुढे, शहाद्याला चालत जाता येईल इतकं जवळ. एके काळी आमच्या गल्लीत घरोघरी माग होते म्हणे. आता एकाच्या खड्ड्यावर फरशी टाकून पिठाची गिरणी बसवली आहे, दुसऱ्याच्या खोलीत शेळ्या बांधतात. उरला तो आमचाच. पुढच्या खोलीत जमिनीत कमरेइतका खड्डा आहे. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि पायाखालच्या पावड्या दाबत हाताने आडव्या दोऱ्याचा धोटा फेकतो. बाहेरून आलेल्याला वाटावं, अर्धा माणूस जमिनीत पुरलेला आहे. सासऱ्याच्या बाबतीत मला अनेकदा वाटायचं की उरलेला अर्धाही पुरायला हरकत नव्हती.

माझं माहेर नवापूरकडचं. वडील कोंबड्यांच्या फार्मवर कामाला होते आणि लग्नाआधी मी एका यंत्रमागाच्या शेडमध्ये जात होते. मला पाहायला आले तेव्हा सासऱ्याने एकच विचारलं, सुताची माहिती आहे का. वडील म्हणाले, पोरगी कारखान्यात आहे, तिला सूत कळतं. त्याने तोंड वाकडं केलं. कारखाना हा शब्द तो असा उच्चारायचा, जणू दारूचा गुत्ता. मी तिथे नेमकं काय काम करते हे त्याने विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

लग्न होऊन आले तेव्हा हळद उतरायच्या आत सासऱ्याने मला घराचा नियम सांगितला.

"खड्डामां बाईनी उतरानं नही. तुन्हं काम कांड्या भरानं."

का, असं मी विचारलं. त्यावर सासूने मला मागून कोपराने ढोसलं. सासूही काही कमी नव्हती. तिचा तोंडाचा पट्टा सकाळी चुलीबरोबर सुरू व्हायचा. कांडी सैल भरली, खळ पातळ झाली, चहात साखर जास्त पडली, सगळ्याचं खापर माझ्या माहेरावर. पण सासूचा राग निदान अंगावर येणारा होता, मीही उलटून बोलायचे आणि दोघींचं मोकळं व्हायचं. सासरा तसा भांडायचाच नाही. तो फक्त नियम सांगायचा आणि पाठ फिरवायचा.

आता जरा कामाचं सांगते, म्हणजे माझा संताप कुठून येतो ते कळेल. कापड विणायचं म्हणजे धोटा फेकायचा, असं लोकांना वाटतं. ते शेवटचं आणि दिसणारं काम. त्याआधी सुताच्या लडी सोडवायच्या, त्यांना खळ लावायची, उन्हात ताणून ब्रश फिरवायचा, उभ्या दोऱ्यांचा ताणा काढायचा, आडव्या दोऱ्यांसाठी कांड्या भरायच्या. हे सगळं सासू आणि मी करायचो. खळीने माझ्या बोटांच्या पेरांना कायम भेगा असायच्या. आणि मग तो येऊन बसायचा खड्ड्यात, स्वच्छ बनियन घालून, आणि कापड त्याचं व्हायचं. आल्यागेल्याला कापडाच्या काठावरून बोट फिरवून दाखवायचा. आम्ही मागे चहा ठेवायचो.

एक काम मात्र तो स्वतः करायचा, ते म्हणजे सांधणी. मागावरचं कापड पूर्ण झालं की ते कापून घेतात, पण ताण्याचे सगळे दोरे काढून टाकत नाहीत. थोडी टोकं मागावरच ठेवतात. प्रत्येक टोक राचेतून आणि फणीतून ओवलेलं असतं. राच म्हणजे दोऱ्याच्या फासांचा उभा पडदा, प्रत्येक फासाला मधोमध एक डोळा आणि त्यातून ताण्याचा एक दोरा गेलेला; फणी म्हणजे त्यापुढची दातेरी पट्टी, जिने आडवा दोरा ठोकून घट्ट बसवतात. नवा ताणा आला की त्याचा एकेक दोरा या जुन्या टोकाला राख लावलेल्या बोटांनी पिळून जोडायचा आणि पुढे ओढून घ्यायचा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ओवत बसावं लागत नाही. सोय आहे, बाकी काही नाही. पण सासऱ्याने त्याचा देव्हारा करून ठेवला होता. "मन्हा बापना दोरा शे," असं तो म्हणायचा. त्याच्या बापाने हा माग पहिल्यांदा भरला, त्या दोऱ्याला पुढचा जोडला, त्याला त्याच्या पुढचा, आणि अशी ही माळ आजवर तुटलेली नाही. आमच्या मागाची राच कधीच रिकामी झाली नाही, हे तो दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, वीजबिल वाटणाऱ्यालासुद्धा.

आता त्यात बापाचा दोरा कुठला? तो केव्हाच कापडात जाऊन कोणाच्या तरी खांद्यावर फाटला असणार. मागावर जे टोक होतं ते मागच्या ताण्याचं, मी शहाद्याहून आणलेल्या आणि मीच खळ लावलेल्या सुताचं. पण हे बोलायची सोय नव्हती.

मग एका पावसाळ्यात तो ओट्यावरून घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. प्लास्टर निघालं तरी हात पूर्वीसारखा झालाच नाही. धोटा अर्ध्यात अडकायचा, काठ सैल पडायचे, फणीचा ठोका एक जड तर एक हलका. शहाद्याच्या ज्या दुकानात आमचा माल जायचा त्या शेटनी एक गठ्ठा तसाच परत पाठवला. शेटचं घर मूळचं मारवाडातलं, तीन पिढ्या इथेच, माणूस गोड बोलून परत पाठवणारा. तापीकाठच्या गावांतली काही शेतकरी घरं अजून लग्नात हातमागाचंच पांढरं, लाल काठाचं उपरणं मागतात, त्यावर आमचा माग जिवंत होता. लग्नसराई तोंडावर आली होती. नवरा टेंपो चालवतो, अक्कलकुव्यावरून गुजरातेत जाऊन येऊन असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्हीन आपसमां दखी ल्या." माझा नवरा वाईट नाही. तो फक्त नेहमी रस्त्यावर असतो, आणि घरी असला तरी रस्त्यावरच असल्यासारखा असतो.

सासरा हात शेकायला वैद्याकडे गेला होता त्या दुपारी मी खड्ड्यात पाय सोडले. कोणाची परवानगी घेतली नाही. सासू दारात डाळ निवडत होती, तिने पाहिलं आणि मान खाली घातली. पावडी दाबायला पायाला वेळ लागला, पण धोटा हातात बसला. तो परत आला तेव्हा वीतभर कापड झालं होतं. मला वाटलं, आता काठी उचलतो. त्याने वाकून काठ पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला, आणि म्हणाला,

"कारखानाना हात शे हाऊ. फणी मारस का दार ठोकस?"

आणि खाटेवर जाऊन पडला. म्हणजे विण, असा त्याचा अर्थ. घराला गरज होती, हे त्यालाही कळत होतं.

तेव्हापासून जे सुरू झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी विणायची, पण दार लोटून. तो बाजूला चटईवर बसायचा आणि ठोक्याठोक्याला खोट काढायचा. दाराची कडी वाजली की "ऊठ, ऊठ, कोनी तरी उनं," असं घाईने पुटपुटायचा. मी वर, तो खाली. मी पदर झटकत चुलीकडे जायची आणि तो कण्हत कण्हत खड्ड्यात पाय सोडून बसायचा, हातात धोटा धरून, जणू सकाळपासून तिथेच आहे. दूधवाला आला तरी हेच. शेजारची पोरगी विरजण मागायला आली तरी हेच. एकदा पोस्टमन आला आणि सासरा घाईत खड्ड्यात जवळजवळ कोसळलाच, गुडघा फुटला. मला हसू आलं. मी चुलीकडे तोंड करून पोटभर हसले.

शेट आले की तर सोहळाच. एकदा त्यांनी उपरणं उजेडात धरलं आणि म्हणाले, "बाबाजी, काठ काय सरळ आहे यंदा! जुना हात परत आला तुमचा."

"हात कोठे जास शेट? मन्हाच हात शे तो."

मी तेव्हा चहाचा कप त्यांच्या हातात देत होते. माझ्या उजव्या हाताला धोट्याने घट्टा पडला होता, तो कपाखाली शेटना दिसत नव्हता. मी आत गेले. पण त्या दिवशी मनाशी ठरवलं की पुढच्या खेपेला उठायचं नाही. मला कौतुक नको होतं. मला त्या खड्ड्याच्या काठावर उघड्या दाराने बसायचं होतं, इतकंच. माझ्या कामावर बसलेली मी लोकांना दिसायला हवी होते.

ती खेप हिवाळ्यात आली. कडी वाजली. चटईवरून नेहमीचं "ऊठ, ऊठ" आलं. मी पावडी दाबली आणि धोटा फेकला. त्याने पुन्हा सांगितलं, मग माझ्या दंडाला हात लावला. मी फणी मारली, अशी की भिंतीवरची चाळण हलली. तोवर शेट आत आले होते. सासरा खड्ड्याच्या कडेला अर्धवट वाकून उभा, मी आत बसलेली. शेट दोघांकडे पाहत राहिले.

"अरे, भाभी बसल्या मागावर!"

"हो," मी म्हणाले. "कधीपासूनच बसते."

शेट व्यापारी माणूस. त्यांनी ना टाळ्या वाजवल्या ना नाक मुरडलं. थोडा वेळ काठ पाहिला, खिशातला फोन काढला, परत ठेवला आणि सरळ विचारलं, "मग लग्नाची उपरणी आता कोणाला सांगायची? बाबाजींना की तुम्हाला?"

"मला," मी म्हणाले.

सासऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. मला त्याची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. आत कुठेतरी खूप दिवस अडकलेलं काहीतरी खाली उतरलं आणि मी त्या दिवशी भाकरीही एक जास्त खाल्ली.

तो ताणा संपला. कापड कापून घेतलं, टोकं मागावर ठेवली, नवा ताणा खळ लावून, गुंडाळून भिंतीशी उभा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी माल घेऊन शहाद्याला गेले. माल मी स्वतः नेण्याची ती पहिलीच वेळ. गोमाई नदीच्या पुलावर थांबून ऊस खाल्ला, बाजारात स्वतःसाठी बांगड्या घेतल्या. घरी आले तर पुढच्या खोलीत सासरा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता. बाजूला सासूची विळी होती. मागावर एकही दोरा नव्हता. राचेचे सगळे फास रिकामे लोंबत होते आणि फणी दात विचकल्यासारखी दिसत होती. त्याने टोकं नुसती कापली नव्हती, एकेक करून ओढून बाहेर काढली होती. त्याचा मोडका हात पाहता त्याला अख्खा दिवस लागला असणार. दोरे त्याच्या मांडीवर गोळा करून ठेवले होते.

"मन्हा बापना दोरा व्हता. मी तोडी टाका," तो म्हणाला. "आते गाठ कोठे मारशी?"

विणकराच्या घरात हे कोणी करत नाही. घरात भांडणं झाली, वाटण्या झाल्या, मयत झालं, तरी राच रिकामी करत नाहीत. सासऱ्याचा हिशोब साधा होता. अख्खी राच नव्याने भरणं हे काम त्याच्या बापाने एकदा केलं होतं आणि त्याने लहानपणी फक्त पाहिलं होतं. त्यालाही ते येत नव्हतं. सांधणी येणाऱ्याला भरणी यावी असं काही नाही. म्हणजे मागच मेला, आणि मेलेल्या मागावर कोण बसलं याला काय अर्थ? स्वतःचा माग मारून त्याने माझी जागा काढून घेतली होती.

मी रडले नाही. पिशवी खाली ठेवली, पाणी प्याले आणि त्याला म्हणाले, "आबा, तुम्ही मला कधी विचारलंत का, मी शेडमध्ये काय करत होते?"

त्याने मांडीवरचे दोरे मुठीत धरले.

नवापूरला मी बाकी काही केलंच नव्हतं. मशीनवरचा ताण्याचा बीम बदलला की राच आणि फणी भरायची, हेच माझं काम. बोटांत तारेचा आकडा धरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोरे ओवायचे, मान अवघडून जायची, सुपरवायझर मागे उभा राहून ओरडायचा. त्या कामाचा मला मनस्वी कंटाळा होता. लग्न झालं तेव्हा सुटले असं वाटलं होतं. ज्या कारखान्याच्या नावाने हा म्हातारा तोंड वाकडं करायचा, त्यानेच मला ते शिकवलं होतं.

छत्रीच्या तारेचा आकडा केला. तार घासून गुळगुळीत केली. पण हे काम एकट्याचं नाही. एकाने मागे बसून ताण्यातला दोरा निवडून पुढे धरायचा, दुसऱ्याने राचेच्या डोळ्यातून आकडा घालून तो ओढायचा आणि फणीच्या दातातून घ्यायचा. नवऱ्याला फोन करायचा विचार आला आणि गेला. मी मागापुढे बसून दोन्ही कामं एकटीच करू पाहत होते, उठायची, बसायची, दोरा हातातून सुटायचा, मी शिव्या द्यायची. तेवढ्यात सासू आली. लुगडं सावरून राचेच्या मागे बसली आणि पहिला दोरा वेगळा करून फासांमधून पुढे धरला.

"ले," ती म्हणाली.

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. खड्ड्यात का उतरायचं नाही असं विचारलं तर मला कोपराने ढोसणारी हीच बाई. ती माझ्याकडे पाहत नव्हती, दोऱ्याकडे पाहत होती.

"मलेबी बठानं व्हतं," ती म्हणाली, आणि पुढचा दोरा काढला.

मग इतकी वर्षं माझ्या जिवावर का उठली होतीस, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही, कारण दोरा सुटला असता. दुसऱ्याच दिवशी तिने चहावरून माझ्या आईचा उद्धार केला, तेव्हा आमच्यात काही बदललं असं कोणी समजू नये. पण दोरे संपेपर्यंत ती त्या जागेवरून जेवण्याझोपण्याखेरीज हलली नाही. सासरा खाटेवर पडून आमच्याकडे पाठ करायचा आणि थोड्या वेळाने परत कूस बदलून बघायचा. पोट दुखतं म्हणायचा, सासूला हाक मारायचा. ती जागची उठायची नाही.

काठ मी तोच ठेवला, लाल, तितकाच रुंद. लोकांना तोच हवा होता. मी राग काढत होते, दुकान बुडवत नव्हते.

शेवटचे थोडे दोरे उरले होते तेव्हा तो खाटेवरून उठून आला. हातात तोच दोऱ्यांचा गोळा होता, फडक्यात बांधलेला. इतके दिवस उशाशी घेऊन झोपत होता. त्याने गाठ सोडली आणि त्यातले दोन दोरे निवडून माझ्यासमोर धरले.

"काठले तरी जोडी दे," तो म्हणाला. "दोनच. मन्हा बापना शेत."

त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी ते दोरे हातात घेऊन पाहिले. माझ्याच खळीचे होते, जरा जाड झालेले, कारण त्या वेळी सासू मला खळीवरून बोलली होती आणि मी रागाने जास्त लावली होती. त्याच्या बापाचा त्यांना वासही नव्हता. हे त्याला सांगता आलं असतं. दोन दोरे काठात जोडताही आले असते, त्याने काही बिघडत नव्हतं, कोणाला कळलंही नसतं.

"आबा," मी म्हणाले, "एका डोयामां एकच दोरा जास. जागा नही."

दोरे त्याच्या तळहातावर परत ठेवले आणि सासूकडे हात केला. तिने पुढचा दोरा दिला. तो तिथेच उभा होता, मग चटईवर बसला, मग त्याने फडकं पुन्हा बांधलं.

आता मी दार उघडं ठेवून विणते. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसते, पोरं डोकावतात, शेट ओट्यावरूनच हाक मारतात आणि मला सांगून जातात. सासरा चटईवर असतो, फडकं मांडीवर. खोट काढत नाही. दुपारी सासू दार लोटून घेते, ऊन येतं म्हणून. अशा वेळी कडी वाजली की तो अजून दचकतो, भिंतीला हात लावून उठतो आणि खड्ड्याच्या दिशेने एक पाऊल टाकतो. मी विणत राहते.